उलटायचं नाही

पुण्याला जाताना केतकीनं वहीच्या पाठीमागं लिहून ठेवलं:
अंडी उलटायची नाहीत.
खाली दोन रेघा, मला ओळखून.

विट्याच्या हॅचरीत बावीस वर्षं झाली मला.
तिथं तासाला एकदा ट्रे कलतात, इकडं, मग तिकडं,
मशीन बिघडलं तर आम्ही हातानं,
नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं.

ही अंडी तशी नाहीत.
मऊ, उकडलेल्या शेंगेसारखी,
अंगठा लावला की खळ पडते.
मंगळवारी रात्री ओल्या शेवाळ्यात दोन घातली जिलबीनं
आणि मागं न बघता गेली किड्यांच्या वाटीकडं.
पेन्सिलीनं डोक्यावर टिंब दिला.
टिंब वर म्हणजे वर.
उलटलं तर जीव आतल्या आत बुडतो म्हणे,
आपल्याच पिवळ्यात.

थर्माकोलची पेटी भाच्याच्या लग्नातल्या आईस्क्रीमची.
तळाला पाणी, पाण्यात माशांच्या टाकीचा हीटर,
वर विटेवर श्रीखंडाचा डबा, त्यात परलाइट.
नर्सरीवाल्यानं विचारलं, जरबेरा लावताय काय?
हो म्हटलं.

मालनकाकू दारातूनच:
पाल अंगावर पडली तर माणूस आंघोळ करतं,
तू उबवतीस होय?
ही पडत नाही, काकू. हिला भिंतच चढता येत नाही.
आणि बघा, हिला पापण्या आहेत.
झोपताना मिटते.
काकू आत आल्या नाहीत, पण वाकून बघितलं.

वहीत पुढं होतं:
सत्तावीसवर ठेवलंस तर बहुतेक मुली.
बत्तीसवर मुलगे.
मधे ठेवलंस तर दोन्ही.
तुझ्या मनावर.

माझ्या मनावर.
चष्मा पुसून परत वाचलं.

हॅचरीत माझं खरं काम पंख उघडायचं.
एक दिवसाचं पिल्लू मुठीत, पंख फाकवायचा,
पिसं लांब-आखूड असली तर मादी,
सारखी असली तर नर.
मादी उजव्या पेटीत.
डावी पेटी कुठं जाते मी विचारत नाही.
तासाला आठशे. हात चुकत नाही.

घरात चुकला, असं सासूबाई म्हणायच्या.
केतकीच्या वेळी पेढे नव्हते, जिलबी वाटली,
तीपण पाव किलो.
हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे.
पालीचं नाव तिनंच ठेवलं.

दुसऱ्या खेपेला मला जीपमधून कुठंतरी नेलं.
येताना भिवघाटात खिडकीतून ओकत होते,
यांनी पाठीवर हात ठेवला होता. तो अजून आहे.
तिथं सत्तावीस-बत्तीस काही नव्हतं.
तिथं नुसती डावी पेटी होती.

हीटरचं बटण धरून मी बराच वेळ उभी.
सत्तावीस केलं.
मग जरा वर. मग परत खाली.
आणि रात्री दोनला लाईट गेली,
पारा चोविसावर, मी पेटीला दुलई गुंडाळली,
पहाटे लाईट आली आणि तेहतीस.
वीज मंडळानं आपल्याच मनावर घेतलं.

पंधराव्या दिवशी अंधार करून डब्याखालून टॉर्च लावला.
एकात लाल शिरा, कोळ्याच्या जाळ्याएवढ्या.
दुसरं पिवळं, बसकं.
कामावर असते तर हात आपोआप गेला असता.
ते तसंच राहू दिलं, बुरशी दिसेपर्यंत,
मग कढीपत्त्याखाली.

पंचावन्नावा दिवस. अंड्याला घाम आला.
सकाळच्या पाळीची वेळ झालेली, रिक्षा खाली हॉर्न देतेय,
आणि टिंबाच्या बाजूलाच चीर,
चिरेतून नाक,
मग करंगळीएवढं पोर, काळे-पिवळे पट्टे,
तोंड उघडून माझ्यावर किंचाळलं.
माझा अंगठा सवयीनं पुढं गेला, पंख शोधायला.
तिथं नुसता पाय होता, ओला,
पाच बोटांचा.

केतकीला फोन लावला.
काय झालं गं आई?

बत्तीस आणि सत्तावीस मला आठवलंच नाही त्या वेळी.
वहीत लिहिलंय, कळायला महिने लागतात.
ओरडतंय, म्हटलं.
आणि फोन पेटीजवळ धरला.